दोन पट्ट्यांच्या मधला सूर

फय्याज खराद्याचा कान खोटं बोलत नाही, असं वाशीमात त्या काळी म्हणत. बालाजीच्या तळ्याकडे उतरणाऱ्या वाटेवर, एका चिंचेच्या सावलीत त्याचं दुकान होतं. बाप गुलाम नबी लाकूड कातायच्या खरादावर खाटेचे पाय, पाळण्याचे दांडे आणि सनया उतरवीत असे. मुलाने त्या धंद्यात पेटीची भर घातली होती. भजनी मंडळांच्या आणि हौशी नाटकवाल्यांच्या पेट्या पार रिसोडाहून त्याच्याकडे येत. पेटीच्या पोटातली पितळेची इवलीशी जीभ टोकाशी घासली की सूर चढतो आणि मुळाशी घासली की उतरतो. हे घासणं केसभर कमीजास्त झालं तर सूर हातचा जातो, आणि ते केसभर अंतर फय्याजच्या कानाला दिसे. चोवीस वर्षांच्या त्या अबोल, मान खाली घालून चालणाऱ्या तरुणाला साऱ्या जगात अभिमान धरण्यासारखी एवढी एकच गोष्ट मिळाली होती.

गुलाम नबीची रीत निराळी होती. सनई करून घेणारा वाजंत्री दुकानात येई, बापासमोर मांडी घालून बसे, आणि बाप एकेक भोक पाडून सनई त्याच्या तोंडात देई. तो फुंके, बाप ऐके, पुन्हा तापल्या सळईने कड किंचित वाढवी. वाजवणारा समोर नसेल तर बाप भोकाला हात लावत नसे. त्यामुळे एका सनईला दोन दिवस लागत, आणि त्याच्या दोन सनया कधी एकसारख्या वाजत नसत. फय्याजने बांबूच्या एका कांबीवर पेटीच्या सुरांप्रमाणे सहा खुणा करून घेतल्या होत्या. त्या कांबीने तो दुपारपर्यंत दोन सनया पाडी आणि दोन्ही एका गळ्याने बोलत. गिऱ्हाईक खूश होतं. बाप मात्र मोतीबिंदूने धुकटलेले डोळे मिचकावीत खराद ओढत राही.

डोलन साहेब त्यांच्या दुकानी पहिल्यांदा आला तो मोजणीच्या तिपाईचा मोडका पाय घेऊन. हा सडकखात्याचा ओव्हरसियर. अनसिंगच्या वाटेवर पूल बांधायचं काम त्याच्याकडे होतं आणि मुक्काम डाकबंगल्यात होता. चाळिशीचा, तांबूस केसांचा, खांदे थोडे पुढे झुकलेला माणूस. मराठी तो गिट्टी फोडणाऱ्या बायामाणसांकडून शिकला होता, त्यामुळे साहेबाच्या तोंडून अस्सल वऱ्हाडी बाहेर पडे आणि कचेरीतले कारकून तोंडावर उपरणं धरून हसत.

"हा पाय नीट करून देतं का? लवकर पायजे, मजूर खोळंबून राह्यले," तो म्हणाला, आणि बोलता बोलता थांबला. फय्याज तेव्हा एक नवी सनई फुंकून पाहत होता. साहेब पायरीवर टेकला आणि सूर सरेपर्यंत उठला नाही.

दुसऱ्या दिवशी तो एक लांबोडा लाकडी डबा घेऊन आला. आत, जुन्या लोकरी मोज्यात गुंडाळलेली, मधाच्या रंगाच्या लाकडाची आडवी बासरी होती. सहा भोकं. मधे चांदीचं एक पातळ कडं.

"माह्या बापाची हाय," साहेब म्हणाला. "त्याच्या मामाची होती पहिले. आता माही."

"इंग्रजाच्या मुलखातबी बासरी राह्यते?" गुलाम नबीने विचारलं.

"मी इंग्रज नाई, चाचा."

"गोरा हायेस ना?"

"गोरा हाय. पन इंग्रज नाई. आमच्या मुलखावरबी त्याईचंच राज हाय. माह्या बापाले शाळेत घरची बोली बोलली म्हनून छड्या बसल्या."

म्हाताऱ्याने साहेबाकडे मान वळवली. "मंग त्याईची सडक कायले बांधून राह्यला बाबा?"

साहेब हसला आणि बासरी पुन्हा मोज्यात गुंडाळू लागला.

त्यानंतर संध्याकाळी काम आटोपलं की फय्याज डाकबंगल्याच्या कुंपणाजवळच्या निंबाखाली जाऊन बसू लागला. साहेब व्हरांड्यात वाजवीत असे. कधी नाचाच्या धावत्या चाली, ज्यांत पावलं आपोआप हलावीत. आणि शेवटी, दिवे लागण्याच्या आधी, एक संथ, लांबट चाल, जी ऐकताना फय्याजला ओल्या गवतावरून कुणी एकटं चालत जातंय असं वाटे. त्या चालीचं नाव त्याने एकदा विचारलं, तेव्हा साहेब म्हणाला, "आमच्या मुलखात, लिट्रिममधे, चालीले नाव नसते. ज्याच्यापासून शिकलो त्याचं नाव लावतो. माह्या बापानं हे मामापासून घेतलं, मी बापापासून. तं हे आता बापाचं."

फय्याजचा त्या चालीवर जीव जडला. फक्त एका ठिकाणी त्याचं मन ठेचकाळे. चाल तीनदा वर चढे आणि तिन्ही वेळा वरच्या षड्जाच्या उंबरठ्यावर, निषादाशी, बासरी सुरावरून घसरे. तो निषाद कोमल नव्हता, शुद्धही नव्हता. पेटीच्या दोन पट्ट्यांच्या मधे जी फट असते, त्या फटीत तो पडलेला होता. घास चांगला लागावा आणि दाताखाली खडा यावा तसं फय्याजला होई. दरवेळी तो त्या जागेपूर्वीच डोळे मिटून घेई. साहेबाला हे सांगावं असं त्याच्या कितीदा मनात आलं. पण ज्याच्याशी दोन शब्द बोलतानाही जीभ जड होते, त्याला तुझी बासरी बेसूर आहे हे कोणत्या तोंडाने सांगायचं?

एकोणीसशे एकवीसच्या चैत्रात साहेबाचा बाप गेल्याचं पत्र आलं. पत्र पोहोचायलाच महिना लागला होता.

"आमच्यात महिन्यानं मानसाची याद करतात," साहेब फय्याजला म्हणाला. "थो दिवस तं पत्र वाटेत असतानाच निघून गेला. म्हनून मी पत्राच्या दिवसापासून महिना मोजून राह्यलो. त्या दिवशी तिकडे गावात कोनी नाई वाजवनार. घरात वाजवनारा मीच एक उरलो."

फय्याजला आपल्याकडच्या मयताच्या चाळिसाव्या दिवसाची आठवण झाली. त्याने मान हलवली.

मग वैशाखाच्या झळांनी लाकूड तडकलं. महिन्याला दहा दिवस उरले असताना साहेब बासरी घेऊन दुकानात आला. फुंकायच्या भोकापासून चांदीच्या कड्यापर्यंत केसासारखी चीर गेली होती आणि फुंकर त्यातून निसटत होती.

"मले इंझोरीकडे मोजनीले जा लागते. नवव्या दिवशी येतो. होईन ना?"

"होते साहेब," फय्याज म्हणाला. "तुमी बेफिकीर जा."

चिरीत त्याने पातळ लाख जिरवली, वरून रेशमाचा धागा इतका घट्ट आणि एकसारखा गुंडाळला की तो लाकडाचाच दागिना वाटावा. तिसऱ्या दिवशी काम संपलं. फुंकर कुठूनही निसटत नव्हती. काम तिथेच थांबलं असतं तर ही गोष्ट सांगण्याजोगी उरली नसती.

त्याच दिवशी केनवडचे मारोतराव बैलगाडीतून पेटी घेऊन आले. सत्तर एकरांचे मालक, भजनाचे शौकीन, आणि आवाज असा की चिंचेवरचे कावळे उडावेत.

"हे काय रे? साहेबाची बासरी का? मागच्या महिन्यात आमी डाकबंगल्यावरून गेल्तो. आयकली म्या."

"चांगलं वाजवतात साहेब," फय्याज म्हणाला.

"चांगलं? अबे, त्याचा निषाद कुठं पळून राह्यला ते पाह्यलं का तू? आमचा सालदार याहून सुरात हाका मारते बैलाले!" मारोतराव मांडीवर थाप मारून हसले. "मुलूखभर राज करतात, पन सूर काई त्याईच्या ताब्यात येत नाई. बरं झालं बापा, एवढी एक जागा तरी आमाले राह्यली."

त्यांच्या गाडीवानालाही हसू आलं. फय्याजच्या कानशिलांना ऊन लागल्यासारखं झालं. साहेब आपल्यावर राज्य करणाऱ्यांपैकी नाही, हे त्याला मारोतरावांना सांगता आलं नाही. त्याला दिसत होता तो आठवड्याभराने व्हरांड्यात उभा राहणारा, बापाच्या नावाने बासरी ओठाला लावणारा माणूस. आणि कुंपणाबाहेरून, वाटेवरून जाणारं हे हसू.

मारोतराव गेल्यावर त्याने पेटी पुढे ओढली, भाता हलवून निषाद धरला आणि बासरीचं सगळ्यांत वरचं भोक उघडून फुंकलं. फट तशीच. त्याने गोल कानस उचलली.

"काय करून राह्यला?" कोपऱ्यातून बापाने विचारलं.

"वरचं भोक बारीक हाय अब्बा. जरासं वाढवतो. त्याईच्या बापाच्या दिवशी तरी सुरात वाजन."

"थो समोर नाई."

"पेटी हाय ना समोर."

गुलाम नबीचा खराद थांबला. "बासरी काय पेटी वाजवनार हाय?" तो म्हणाला. "हात लावू नको, बेटा. मानसाले येऊ दे."

"तुमाले तं आयकूच येत नाई अब्बा नीट," फय्याज हळूच म्हणाला. बापाला असं तो जन्मात पहिल्यांदा बोलला होता. आणि बोलल्यानंतर थांबणं त्याला अधिकच अवघड झालं. कानस भोकात फिरली. मधाच्या रंगाची चिमूटभर पूड त्याच्या पंज्यावर पडली. फुंकलं, पुन्हा फिरवली. चौथ्या खेपेला बासरी आणि पेटी एका सुरात मिळाल्या, इतक्या नेमक्या की त्याच्या अंगावर शहारा आला. फुंकर मारून त्याने हातावरची पूड उडवून दिली.

साहेब नवव्या दिवशी दुपारी आला. धुळीने भुवया पांढऱ्या झालेल्या. रेशमाच्या धाग्यावरून त्याने अंगठा फिरवला आणि "वा रे पठ्ठ्या!" म्हणाला. मग पायरीवर बसून बासरी ओठाला लावली. तीच चाल. फय्याज खाली बघत होता, पण आज त्याने डोळे मिटले नाहीत. चाल वर चढली, उंबरठ्यावर आली, आणि निषाद घासलेल्या पितळेसारखा लख्ख लागला.

साहेब थांबला.

त्याने बासरी तोंडापासून दूर धरली, तिच्याकडे पाहिलं. पुन्हा तेवढीच जागा वाजवली. मग वरच्या भोकाच्या कडेवरून बोट फिरवलं, आणि ते बोट तिथेच राहिलं.

"हे तू केलं?"

"सूर चुकत होता साहेब," फय्याज म्हणाला. "लोक हसत होते. म्हनून म्या..."

चिंचेचा पाला खरादाच्या भुशावर पडत होता.

"चुकत नव्हता," साहेब शेवटी म्हणाला. आवाजात राग नव्हता. राग असता तर फय्याजला सोसायला सोपं गेलं असतं. "बँडवाल्याईनं, मास्तराईनं आमच्या साऱ्या चाली सरळ करून टाकल्या. त्याईच्या पियानोत थो सूर नाईच. गावोगाव लोक लाजले आन् सरळ वाजवू लागले. माह्या बापाच्या मामानं नाई केलं. त्या एका सुरावरून अंधारातबी लोक वळखत, हे आमच्या घरचं हाय म्हनून. बाप बोली इसरला होता, फय्याज. छड्या खाऊन इसरला. हे इसरला नव्हता."

फय्याज उठला, लाखेची कांडी त्याने निखाऱ्यावर धरली. "मी भोक भरून देतो. होतं तसं करून देतो. उद्या सांजेपर्यंत लय वेळ हाय." आता साहेब समोर होता. गुलाम नबी आपली चटई उचलून जवळ येऊन बसला. भोकाच्या कडेला लाखेचा पातळ थर बसला, साहेबाने फुंकलं.

"खाली गेला."

लाख खरवडली.

"आता वर. नाई... थोडा खाली." पुन्हा. "हा असन." पुन्हा फुंकलं. "नाई. हा नाई."

दुपार कलली. पंधरा वेळा, वीस वेळा लाख चढली आणि उतरली. फय्याजने आठवायचा प्रयत्न केला, दोन वर्षं रोज ऐकलेला तो सूर, आणि त्याच्या लक्षात आलं की तो त्याने ऐकलाच नव्हता. चुकलेला सूर किती चुकला होता, हे कोण ध्यानात ठेवतो? त्याच्या कानाने त्याला फक्त चूक म्हणून नोंदवलं होतं आणि दरवेळी त्या जागेवर पापण्या ओढून घेतल्या होत्या. दोन पट्ट्यांच्या मधली ती फट एवढीशी होती, आणि तिच्यात उतरावं तर वऱ्हाडाच्या रानाएवढी मोकळी. कुठे उभं राहायचं हे सांगणारी एकही खूण तिच्यात नव्हती.

शेवटी साहेबानेच त्याचा हात धरला. "राहू दे. आता मलेबी समजून नाई राह्यलं. इतके सूर आयकले का थो कोनता ते गेलं डोक्यातून." त्याने कपाळ पुसलं. "बाप असता तं सांगितलं असतं."

दुसऱ्या दिवशी सकाळी फय्याजला एकाएकी आईच्या गाण्याची आठवण आली. अमीनाबी मोहल्ल्यातल्या लग्नांत हळदीची, बिदाईची गाणी म्हणे. त्यांतल्या एका बिदाईच्या गाण्यात असाच वर चढता चढता अडखळणारा एक सूर होता. लहानपणी तिच्या मांडीवर डोकं ठेवून त्याने तो ऐकला होता, खात्रीने ऐकला होता. तो धावतच घरी गेला. अमीनाबी अंगणात गहू निवडत बसली होती.

"अम्मी, थे बिदाईचं गानं म्हन. आत्ता म्हन."

"आज कोनाची बिदाई हाय बाप्पा?" ती हसली. "बरं, पेटी काढ."

"पेटी नको. अशीच म्हन, पहिले म्हनत होती तशी."

तिने सुरुवात केली, दोन ओळी म्हटल्या आणि चाचपडली. पुन्हा सुरुवात केली. गाणं वर चढलं आणि त्या जागेवर तिचा आवाज सरळ, स्वच्छ, पेटीच्या पट्टीवर पाऊल ठेवून पुढे गेला.

"इथं नाई अम्मी. इथं तू काई वेगळं म्हनत होती."

अमीनाबीने सुपातले खडे बाजूला सारले. "म्हनत असन. तू पेटी घेऊन बसाले लागला तवापासून मी तुह्या पेटीसंगच म्हनते ना? सात-आठ वर्सं झाले. आता पेटीबिगर मले सूरच सापडत नाई." तिने कौतुकाने त्याच्याकडे पाहिलं. "सारा मोहल्ला म्हनते, पोरानं मायले सुरात आनलं."

फय्याज अंगणात उभाच राहिला. तिच्या त्या कौतुकाखाली मान वर करायची ताकद त्याच्यात नव्हती.

संध्याकाळी गुलाम नबीने धुतलेला फेटा बांधला आणि फय्याजचा हात धरून डाकबंगल्याकडे चालू लागला. "मय्यतीचा दिवस हाय, जा लागते," एवढंच तो म्हणाला. दोघे निंबाखाली बसले. साहेब व्हरांड्यात आला. त्याने कोट घातला होता, बटणं गळ्यापर्यंत लावली होती. खुर्चीवर न बसता, पश्चिमेकडे तोंड करून तो उभा राहिला. फय्याजला वाटलं, हा वाजवणार नाही. मग त्याला वाटलं, वाजवू नये.

साहेबाने बासरी ओठाला लावली. चाल निघाली, तशीच संथ, ओल्या गवतावरून जाणारी. ती वर चढली. उंबरठ्याशी आली, आणि तिथे साहेबाने बोटं न हलवता बासरीवरून तोंड काढलं आणि श्वास घेतला. त्या सुराएवढाच लांब श्वास. मग पुढचा सूर. दुसऱ्या खेपेला तसंच. तिसऱ्या खेपेला तो श्वास अर्धवट तुटला, आणि कुंपणापर्यंत ऐकू आला.

गुलाम नबीने फय्याजच्या मनगटावरचा हात काढला नव्हता. त्या तिन्ही जागांवर त्याची पकड किंचित आवळली, आणि सैल झाली. त्याला तो सूर आठवत होता की काय, हे फय्याजने विचारलं नाही. विचारलं असतं आणि तो हो म्हणाला असता, तरी पुढे काय करायचं होतं? तो सूर फुंकून किंवा गाऊन दाखवायला बापाच्या तोंडात दात नव्हते आणि गळ्यात आवाज नव्हता.

पुलाच्या कमानी पावसाळ्यापूर्वी पुऱ्या झाल्या आणि साहेबाची बदली झाली. जाताना तो दुकानी आला, गुलाम नबीशी हस्तांदोलन केलं, फय्याजच्या खांद्यावर हात ठेवला. "धागा मजबूत हाय," तो म्हणाला. "चीर नाई उघडली." बासरी मोज्यात गुंडाळून त्याच्या बगलेत होती.

बांबूची ती कांब फय्याजने चुलीत घातली. त्यानंतर वाजंत्री समोर बसल्याशिवाय त्याने सनईला भोक पाडलं नाही. मात्र येणारे वाजंत्री आता पेटीचाच सूर मागत, आणि तो मुकाट्याने तोच देई. पेट्या त्याच्याकडे येत राहिल्या. त्यांवरच घर चालत होतं. पुढे वीसेक वर्षांनी, बाप आणि आई दोघंही गेल्यावर, अनसिंगच्या वाटेने जाताना तो त्या पुलावर कधी कधी थांबे. कठड्याला टेकून ती चाल गुणगुणे. तिचं नाव डोलन साहेब, असं तो मनाशी म्हणे, कारण ती त्याने साहेबापासून घेतली होती. तीनदा ती वर चढे, आणि तिन्ही वेळा त्या जागेवर येऊन तो श्वास घेई.